निळ्या मण्यांची पुरचुंडी

बोरजाईवाडीत कुणाच्या घरी पाळणा हलला की पाचव्या दिवशी मनुबाईला बोलावणं जायचं. बाळाच्या काळ्या-पांढऱ्या मण्यांच्या मनगट्या, कमरेचा करगोटा, दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात बांधायचा बजरबट्टू, हे सगळं तिच्याच हातचं असावं असा वाडीतल्या बायकांचा हट्ट असे. लगीन ठरलं की नवरीची काळी पोतही तिनंच ओवायची. रहिमतपूर स्टेशनापासून कोसभर आत असलेली ती शंभर उंबऱ्यांची वाडी. तिथं सोनार नव्हता, दागिने गाठवून देणारा पटवेकरी नव्हता. ओवणारी म्हणून होती ती एकटी मनुबाई.

ती काही त्या धंद्यातली नव्हती. नवरा जोतीराम सात एकरांचा शेतकरी. घरात सासू रंगूबाई, धाकटा दीर सिद्धू आणि मनुबाईच्या दोन मुली. मसूरला माहेरी आईनं हाताला वळण लावलं होतं, ते घेऊन ती अकराव्या वर्षी सासरी आली. दुपारची भांडी घासून झाली की ती सोप्यात भिंतीला टेकून बसायची. पितळी ताटलीत मणी पसरायचे, आडमाप मणी नखानं बाजूला सारायचा, दोऱ्याला मेण चोळायचं, टोकाला डिंक लावून ते सुईसारखं ताठ करायचं आणि मग एकेक मणी उचलायचा. तिची पोत उजेडात धरली तर ओळीतून मान वर काढलेला एकही मणी दिसत नसे. त्याबद्दल कुणी पायलीभर जोंधळे देई, कुणी खण देई. पण मनुबाईला खरी गोडी होती ती बायकांच्या बोलण्याची. पाणवठ्यावर एखादी पाहुणी पोराचं मनगट उलटून बघे आणि हे कुणी ओवलं म्हणून विचारी. मग मनुबाईचं नाव निघे. ते ऐकायला ती घागर भरून झाली तरी उगीच रेंगाळायची.

एक्केचाळीस साली सिद्धूचं लग्न झालं आणि तासगावकडची बनुबाई धाकटी जाऊ म्हणून घरात आली. सोळा वर्षांची, अंगानं बारकी, बोलायला हळू. तिची भाकरी गोल होत नसे म्हणून रंगूबाई करवादायची. मनुबाई तिला पाठीशी घालायची. दुपारी एकटीनं बसण्यापेक्षा बरं म्हणून मनुबाईनंच तिला शेजारी बसवलं आणि हातात दोरा दिला. पहिले पाच-सहा महिने मोठ्या हौसेचे गेले. बनुबाईची ओळ वाकडी यायची, मनुबाई ती उसवून पुन्हा घालून दाखवायची, आणि धाकटी डोळे मोठे करून बघत राहायची. शिकवणाऱ्याला एवढं भक्तिभावानं बघणारं माणूस मिळालं की त्याला आणखी काय लागतं?

बेचाळीसच्या उन्हाळ्यात सिद्धू पलटणीत भरती झाला. पुढच्या वर्षी रजेवर चार दिवस येऊन गेला आणि दर्यापार गेला. बनुबाईला तेव्हा दिवस गेले होते. मुलगा झाला. त्याच्या पाळण्यावर टांगायला म्हणून बनुबाईनं मण्यांचा एक पोपट केला. आता मनुबाईला येत होतं ते ओवणं: एका दोऱ्यात एकामागं एक मणी. बनुबाईनं मणी एकात एक गुंतवले. दोन मणी घ्यायचे, मागच्या मण्यातून सुई परत काढायची, पुन्हा दोन घ्यायचे, असं करत तिनं मण्यांचं कापड विणलं आणि त्याला पोपटाचा आकार दिला. लाल चोच, हिरवी पाठ, काळा डोळा. कुणी शिकवलं म्हणून सगळ्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, आक्कानं. मनुबाईनं तिला असलं काही शिकवलं नव्हतं. ते तिला स्वतःलाच येत नव्हतं.

बारशाला आलेल्या बायकांनी बाळाच्या आधी पोपट बघितला. मनुबाईनं ओवलेल्या मनगट्या बाळाच्या हातात होत्या. त्या नेहमीसारख्याच होत्या, म्हणून त्यांच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. त्या दिवशी वाटीत घुगऱ्या भरता भरता मनुबाई पहिल्यांदाच चुकली, एकीला दोनदा दिल्या आणि दुसरीला द्यायच्या राहिल्या. तिला वाटलं, दिवसभराच्या कामानं असेल.

मग निरोप येऊ लागले. आधी यायचा तो 'मनुबाईला सांगा'. आता येई 'मनुबाईला सांगा, धाकलीला धाड'. पुढं पुढं मनुबाईचं नाव गळलंच. बनुबाई प्रत्येक वेळी विचारून जायची, परत आली की मिळालेला खण आक्काच्या पुढ्यात ठेवायची. तो खण मनुबाईला निखाऱ्यासारखा वाटायचा. तिनं एकही शिवला नाही. सगळे ट्रंकेच्या तळाशी गेले.

त्यातच लढाईमुळं मणी यायचे बंद झाले. सुया-पोत विकणारी वैदीण यायची ती रिकाम्या दुरडीनं. काचेचा माल बोटीनं यायचा, बोटीच थांबल्या, असं सांगायची. मनुबाईच्या डब्यातले मणी सरले. जुन्या पोती उसवून नव्या करायचं तेवढं काम उरलं. मनातल्या मनात तिला बरंच वाटलं. मणीच नाहीत म्हटल्यावर कोण वरचढ आणि कोण खालची? पण बनुबाई माळावरून रिठ्याच्या काळ्या बिया घेऊन आली, दाभणानं त्यांना भोकं पाडली, तेल लावून चकचकीत केल्या. मधे मधे लाल गुंजा घातल्या. काचेच्या मण्यांनाही आली नसती अशी झळाळी त्या माळेला आली. आठवड्याच्या बाजाराला तशी माळ घालून गेलेल्या एका बाईला तीन गावांच्या बायकांनी अडवून विचारलं.

मनुबाईनं मग एक केलं. पाणवठ्यावर चार जणी असताना ती सहज म्हणाल्यासारखी म्हणाली की गुंज विषारी असते, पोरं सगळं तोंडात घालतात, एखाद्या पोरानं चावली तर काय घ्या. बोललेलं खोटं नव्हतं. पण ते पोरांच्या काळजीनं बोललेलं नव्हतं, हे तिचं तिला ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत पाच घरांतून माळा परत आल्या. बनुबाईनं त्या सगळ्या सोप्यात बसून उसवल्या, गुंजा वेचून चुलीत टाकल्या आणि आक्कापाशी येऊन म्हणाली, बरं झालं तुम्ही बोललात, माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, माझंच पोर पाळण्यात आहे. मनुबाईला तोंड लपवायला जागा राहिली नाही. धाकटी भांडली असती तर तिला सोसलं असतं. पण तिनं आभार मानले, आणि त्या आभारांनी मनुबाईचा जळफळाट दुप्पट झाला.

पंचेचाळीसच्या माघात बनुबाई भावाच्या लग्नाला तासगावकडं माहेरी गेली. भावजयीची पोत तिलाच ओवायची होती, म्हणून महिनाभराचं बोलून गेली. ती गेल्यावर आठवड्याभरानं, भर दुपारी, अंगणात हळकुंडं वाळत घातलेली असताना नाथाजी आला. नाथाजी वरच्या आळीतल्या शालूबाईचा मुलगा. सिद्धूच्याच पलटणीत होता. इटलीत मांडीत गोळी लागून नाव कमी होऊन आलेला. काठी टेकत टेकत येऊन तो ओट्यावर बसला. घरात मनुबाईशिवाय मोठं कुणी नव्हतं, मुली वाटेवर खेळत होत्या. तिनं ताक दिलं. त्यानं सिद्धूची खुशाली सांगितली आणि खाकी कापडाची, तोंड शिवून टाकलेली मुठीएवढी पुरचुंडी तिच्या हातात ठेवली. बनुबाईच्या हातातच दे असं सिद्धूनं बजावलंय, पण आपल्याला उद्या पायासाठी पुण्याच्या इस्पितळात जायचंय आणि तिथं किती दिवस लागतील सांगता येत नाही, तेव्हा वैनी, तुम्हीच द्या, असं म्हणून तो गेला.

पुरचुंडी दाबली की आत काहीतरी वाळूसारखं सरकायचं. मनुबाईला बोटांनीच कळलं की हे मणी आहेत. आयुष्यभर तिच्या बोटांनी दुसरं काय ओळखलं होतं? नुसतं बघायचं, पुन्हा शिवून ठेवायचं, असं ठरवून तिनं टाका उसवला. ताटलीत ओतले तेव्हा ती बघतच राहिली. निळे मणी, मोरपिसाच्या मधल्या डोळ्यासारखे, आणि प्रत्येकाच्या पोटात सोन्याचा कण अडकल्यासारखी झाक. असे मणी ना मसूरला बघितले होते, ना साताऱ्याच्या बाजारात. हे बनुबाईच्या हातात पडले म्हणजे ती यांचं काय करील, ते मनुबाईला डोळ्यांसमोर दिसलं. आणि ते बघायला जमणाऱ्या बायकाही दिसल्या.

तिनं टाका पुन्हा घातला नाही. पुरचुंडी उतरंडीतल्या तळाच्या मडक्यात, हुलग्यांच्या खाली ढकलली. बनुबाई येईल तेव्हा देऊ, असं तिनं स्वतःला सांगितलं.

बनुबाई आली. मनुबाईनं दिली नाही. आज देऊ, उद्या देऊ करता करता असा दिवस आला की आता दिली तर इतके दिवस का दिली नाही ते सांगावं लागलं असतं. घर रिकामं असलं की ती मडकी उतरवायची आणि मणी बाहेर काढायची. एकदा तिनं जुन्या पोतीतले काळे मणी घेऊन त्यांची पोत ओवली. दोन निळे, एक काळा, दोन निळे, एक काळा. हात असा चालला की तिचं तिलाच नवल वाटलं. पूर्ण झाल्यावर तिनं ती गळ्याशी धरली, माजघरातल्या मुठीएवढ्या आरशात बघितली. जन्मात केलेलं सगळ्यांत देखणं काम ते होतं. आणि दाखवायचं कुणाला? तिनं दोऱ्याची गाठ दातानं तोडली आणि मणी परत मडक्यात ओतले.

चैत्रात सिद्धूचं पत्र आलं. घरात वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून शाळेतले चिंतामण मास्तर येऊन ओट्यावर बसले. रंगूबाई उंबऱ्यात, जोतीराम खांबाला टेकून, दोघी जावा दाराआड. मास्तरांनी खुशालीच्या ओळी वाचल्या आणि मग वाचलं की, नाथाजीजवळ निळे मणी धाडले आहेत ते पोचले असतील. इथल्या एका दुकानात बघितले आणि घरची आठवण आली. दोघींनी निम्मे निम्मे वाटून घ्यावेत. आक्का घरात आली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, माझ्या मनगटात पहिले मणी तिनं बांधले, तेव्हा तिचा वाटा आधी काढावा.

बनुबाईनं हसून थोरलीकडं बघितलं. मनुबाईच्या कानात मास्तरांचे शब्द गेले, पण अर्थ पोचायला वेळ लागला. चोरली त्यातली निम्मी वस्तू तिचीच होती.

कुठले मणी, कधी दिले, असं जोतीराम विचारू लागला. नाथाजी येऊन गेल्याचं मुलींनी सांगितलं. सगळ्यांच्या नजरा मनुबाईकडं वळल्या. तेव्हा बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "ताक पिऊन गेला. मला काय दिलं न्हाई."

नाथाजी पुण्याहून परतला तसा जोतीरामनं त्याला गाठलं. तो म्हणाला, वैनीच्या हातात दिले. जोतीरामला ते सहन झालं नाही. आपली बायको खोटं बोलते असं परक्या माणसानं तोंडावर म्हणावं? शब्दानं शब्द वाढला आणि गोष्ट वाडीभर झाली. नाथाजीच्या हातात मनगटी घड्याळ होतं. ते कुठून आलं, असं आता लोक एकमेकांना विचारू लागले. कुणी म्हणालं, मणी पुण्यात विकले. शालूबाई पाण्याला आली की बायका आपल्या घागरी उचलून बाजूला घेऊ लागल्या. मनुबाई त्यांच्यातच उभी असायची. नाथाजीची सोयरीक कराडजवळच्या एका गावात ठरली होती. त्या लोकांचा निरोप आला की यंदा राहू द्या.

त्या दिवसांत आमच्या मुलखात इंग्रजाची कचेरी नावालाच उरली होती. भूमिगत कार्यकर्ते गावोगाव पंच नेमून निवाडे करत, आणि चोराची गय होत नसे. त्यात नाथाजी इंग्रजाच्या पलटणीतून आलेला, त्याची बाजू घेणारं कोण? वैशाखात एके दिवशी जोतीराम शेतावरून आला आणि हात धुता धुता म्हणाला, पंचांच्या कानावर घातलंय, परवा पारावर बसायचं ठरलंय, तुलाही बोलावतील, जे खरं ते सांग. त्याच्या बोलण्यात तसूभरही संशय नव्हता. बायकोवरचा तो विश्वास मनुबाईला मारापेक्षा जड वाटला.

दुसऱ्या दिवशी रंगूबाई नातवाला घेऊन शेजारी गेली होती. बनुबाई सोप्यात रिठ्याच्या बिया चोळत बसली होती. मनुबाईनं उतरंड उतरवली. मडकं मडक्यावर आपटून वाजत होतं, पण आता आवाजाची भीती कशाला? हुलग्यात हात घालून तिनं पुरचुंडी काढली आणि जावेच्या मांडीवर ठेवली. उसवलेल्या तोंडातून दोन-चार निळे मणी बियांमध्ये घरंगळले.

बनुबाईनं त्यातला एक उचलून उजेडात धरला. मग तिनं विचारलं, "का, आक्का?"

मनुबाई म्हणाली, "तुजी बोटं माज्यापरीस चांगली चालत्यात. मला बघवंना."

"मग सांगायचं की मला. मी सोडलं असतं."

"तू सोडलं असतंस, म्हनूनच न्हाई सांगितलं."

धाकटी रडेल असं मनुबाईला वाटलं, आणि ती रडली असती तर मनुबाईनंही गळा काढून मोकळं होऊन घेतलं असतं. पण बनुबाई रडली नाही. घरंगळलेले मणी तिनं एकेक करून वेचले, पुरचुंडीत टाकले आणि पदरानं हात पुसले.

"त्यो मानूस म्हैनाभर चोर म्हनून फिरतोय," ती म्हणाली. "आदी तितं जावा. मी संगं येनार न्हाई. तुमचं तुमीच सांगा."

चार वर्षांत धाकटीनं थोरलीला सांगितलेलं ते पहिलं काम.

मनुबाई डोक्यावर पदर घेऊन उन्हात वरच्या आळीला निघाली. वाटेत दोघी-तिघींनी कुठं म्हणून विचारलं. ती थांबली नाही. नाथाजी दारात दुखरा पाय लांब करून दोरी वळत बसला होता. तिला बघून शालूबाई आतून आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. बस म्हणाली नाही. मनुबाईनं उभ्या उभ्याच सांगितलं. पुरचुंडी मिळाली होती, मीच लपवली, मीच खोटं बोलले.

नाथाजीच्या हातातली दोरी सुटली. तो आईकडं बघून म्हणाला, "बघ. मी तुला म्हनत हुतो."

शालूबाईनं डोळ्याला पदर लावला. नाथाजी मग मनुबाईकडं वळला. त्याचा आवाज चढला नाही. "वैनी, मलाच शंका याय लागली हुती. इस्पितळात लय दीस ताप हुता. वाटायचं, तुमच्या हातात दिलं ह्ये मला सपनात दिसलं आसंल, आनि खरं तर मी आगगाडीत कुटं पाडलं. माजंच डोस्कं फिरलं म्हनून मी रोज त्यो दीस आठवायचो. ताकाचा गलास सुदीक आठवायचो."

मनुबाई खाली बसली. आपण एका माणसाचं नाव खराब केलं एवढंच तिला वाटत आलं होतं. त्याच्या डोक्यातली खात्रीही काढून घेतली, हे तिला आत्ता कळलं. ती काही बोलणार तोच तो म्हणाला, "मला सांगून काय उपेग? उद्या पारावर सांगा."

तिनं रात्री नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं कदाचित प्रकरण परस्पर मिटवलं असतं. म्हणून तिनं सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी पारावर पंच बसले, तालुक्याकडून आलेले दोघे, गावातले तिघे. गडीमाणसांची गर्दी, बायका लांब भिंतीच्या आडोशाला. मनुबाईचं नाव पुकारल्यावर ती पुढं झाली आणि जे होतं ते सांगितलं. बोलताना तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही. तरी तिला दिसलं की जोतीराम उठला आणि गर्दीतून वाट काढत शेताकडं निघून गेला.

का केलंस, असं पंचांनी विचारलं. त्या गर्दीत, बाप्यांसमोर, मण्यांच्या आणि बोटांच्या गोष्टी कशा सांगायच्या? ती म्हणाली, जावेचा हेवा वाटला. कुणीतरी हसलं. पंचांतल्या वयस्क माणसानं त्याला दटावलं. निवाडा असा झाला की मनुबाईनं शालूबाईसोबत कराडकडच्या सोयऱ्यांकडं जावं आणि आपल्या तोंडानं सगळं सांगावं.

ती गेली. कराड स्टेशनावर उतरून दोघी पायी चालत गेल्या. जाताना शालूबाई चार पावलं पुढंच चालत होती. पाण्याचा तांब्या तेवढा एकदा पुढं केला. त्या लोकांनी ऐकून घेतलं, चहा दिला, वाईट वाटलं म्हणाले. पण मुलीचं दुसरीकडं ठरलं होतं, हळद आठवड्यावर आली होती. दारात नवऱ्या मुलीची मावशी नवी काळी पोत ओवत बसली होती. परतताना शालूबाई म्हणाली, चल, गाडी चुकंल. त्यानंतर त्या दोघींचं पुन्हा कधी या विषयावर बोलणं झालं नाही.

घरात जोतीरामनं बायकोला हात लावला नाही की शिवी दिली नाही. तो तिच्या हातचं जेवायचा थांबला. धाकटीनं वाढलेलं खायचा, मुलींशी बोलायचा, बायको समोरून गेली की बैलांकडं बघायचा. हे पावसाळा संपेपर्यंत चाललं. मग एका दुपारी औतावर भाकरी घेऊन मनुबाईच गेली, आणि त्यानं कालवण कमी का आणलं म्हणून विचारलं. त्या दिवसापासून संसार पुन्हा चालू झाला. पूर्वीसारखा झाला असं मात्र कुणी म्हणू नये.

मण्यांचं सांगायचं राहिलं. मनुबाई कराडहून आली त्याच संध्याकाळी बनुबाईनं सगळे मणी ताटलीत ओतले आणि बोटानं मधोमध रेघ ओढली. जरा जास्त वाटला तो भाग आक्काकडं सरकवला. मनुबाई नको म्हणाली. बनुबाई म्हणाली, तुमच्या दिरानं धाडलंय, मी कोन न्हाई म्हननार? मनुबाईनं ते घेतले आणि एका चिंधीत बांधून ठेवले. पुढं थोरल्या मुलीच्या लग्नात तिच्या पोतीत घातले. बनुबाईनं आपल्या वाट्याचे मुलाच्या मनगट्यांत घातले आणि उरलेले नाथाजीच्या घरी पाठवून दिले. नाथाजीचं लग्न दोन वर्षांनी वाईकडच्या मुलीशी झालं. तिच्या पोतीचं बोलावणं बनुबाईला आलं. मनुबाई त्या लग्नाला अक्षता टाकून, न जेवता परत आली. पोत ओवायला आपल्याला बोलावलं नाही याचं वाईट वाटायचा हक्क तिला नव्हता, तरी वाटलंच.

सेहेचाळीस साली सिद्धू परत आला. त्याला काय कळलं, कुणी सांगितलं, हे मनुबाईला कधी समजलं नाही. तो पूर्वीसारखाच आक्का म्हणून पाया पडला. पुढच्या वर्षी त्याला सांगलीत तेलाच्या एका गिरणीवर पहाऱ्याचं काम मिळालं आणि तो बायको-मुलाला घेऊन गेला. वाडीत पुन्हा एकटी मनुबाई उरली. लढाई संपून काचेचे मणी यायला लागले, वैदिणीची दुरडी भरली, आणि बोलावणीही येऊ लागली. बायकांना पर्याय नव्हता. पाणवठ्यावर पुन्हा तिचं नाव निघू लागलं, पण आता एखादी म्हणायची, धाकली असती तर पोपट करून दिला असता.

एकोणपन्नासच्या दिवाळीनंतर मनुबाई पहिल्यांदा सांगलीला गेली. बनुबाईला मुलाच्या पाठीवर मुलगी झाली होती. गणपतीच्या देवळामागच्या गल्लीत एका खोलीचं बिऱ्हाड. दाराशी खिळ्यावर मण्यांचं तोरण, पाळण्यावर चिमण्या, फळीवर तांब्यावर घालायचं मण्यांचं झाकण. पेठेतला एक कासार तिच्याकडून माल नेत होता. बनुबाई बाळंतपणातही बसल्या बसल्या हात चालवत होती. मनुबाईनं प्रत्येक वस्तू हातात घेऊन उलटी केली, चूक शोधावी तशी. पाठीमागची बाजूही पुढच्याइतकीच नीट होती. तिला पुन्हा तोच हेवा वाटला. इतकं सगळं होऊन गेलं तरी तो गेलेला नव्हता, आणि आता तो जाईल अशी आशाही तिनं सोडली होती.

दुपारी बाळ निजलं. दोघी खिडकीच्या उजेडात बसल्या. मनुबाई तिच्या हाताकडं बघत होती. इतक्या वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं ते शेवटी निघालं.

"बने, ती सुई मागारी कशी काडतीस? दाव मला."

बनुबाईनं मान वर करून तिच्याकडं बघितलं. दुसरी सुई काढली, दोरा ओवला आणि आक्काच्या हातात दिली. दोन मणी घ्या, म्हणाली. आता मागच्यातनं काढा. न्हाई, त्यातनं न्हाई, त्याच्या अलीकडच्यातनं. मनुबाईनं पुन्हा चुकीच्याच मण्यातून सुई काढली. बनुबाईनं तिचा हात धरला नाही, की उसवून दाखवलं नाही. आपलं काम चालू ठेवून म्हणाली, "उसवा, आक्का. परत घाला."

मनुबाईनं उसवलं. संध्याकाळपर्यंत बोटभर विणून झालं. एका बाजूनं आवळलेलं, दुसऱ्या बाजूनं सैल. बाळ उठलं, तशी बनुबाई त्याला घ्यायला गेली. मनुबाईनं ती बोटभर पट्टी उजेडात धरून बघितली, नाक मुरडलं आणि शेवटच्या दोन ओळी पुन्हा उसवायला घेतल्या.